पिठोरीचं वाण

मला दोन आया होत्या. ही गोष्ट मी आयुष्यात इतक्या जणांना समजावून सांगितली आहे की आता कुणी विचारायला तोंड उघडलं तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात. एकीनं मला जन्म दिला, तिला मी आई म्हणायची. दुसरीनं वाढवलं, ती आईची थोरली बहीण, तिला मी मावशी म्हणायची. संपलं. पण लोकांचं समाधान होत नाही. त्यांना त्यातली खरी कोणती ते हवं असतं. जणू एक खरी असली की दुसरी आपोआप पितळेची ठरते!

झालं ते असं. मी दीड वर्षाची असताना आईला विषमज्वर झाला. माझे वडील तेव्हा भंडारदऱ्याला धरणाच्या कचेरीत कारकून होते. घरात माझ्याहून मोठ्या दोन बहिणी, बाहेर धो धो पाऊस आणि स्वयंपाकाला कुणी नाही. मावशी देवळाली प्रवरेहून मदतीला आली. आईचा ताप उतरल्यावर ती परत निघाली, तेव्हा 'चार दिवस नेते हिला, तुला जरा विसावा' असं म्हणून मला कडेवर घेऊन गेली. त्या चार दिवसांची बघता बघता सहा-सात वर्षं झाली. आधी आईचा अशक्तपणा जाईना, मग पावसाळा आडवा आला, मग महायुद्धामुळे प्रवास नको झाला, मग माझ्या धाकट्या भावाची चाहूल लागली. मला आणायला जायचं दर वेळी राहून गेलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. तिनं आपण होऊन कधी आठवण करून दिली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही दिली नसती.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, देवळालीला कालव्याच्या कचेरीत होते. म्हणजे एक साडू धरणावर आणि दुसरा त्याच धरणाच्या कालव्यावर. पाटाला पाणी सुटलं की काका मला खांद्यावर बसवून बघायला नेत. मातीचा वास सुटलेला असे आणि शेतकरी आपल्या पाळीसाठी फावडी घेऊन उभे असत. काका म्हणत, "बघ, तुझ्या बापानं पाणी सोडलंय. मेल्याला चार ओळी लिहायचा आळस, म्हणून लेकीला पाणी धाडतो." मी त्या पाण्याला नमस्कार करत असे. वडिलांचा चेहरा आठवत नसे, पण ते भलतेच मोठे गृहस्थ असणार अशी माझी खात्री होती.

मुलीला दत्तक घ्यायची तेव्हा रीत नव्हती. मुलगा असता तर होम झाला असता, चार प्रतिष्ठितांना बोलावलं असतं, साखर वाटली असती. मुलगी नुसतीच सांभाळायला ठेवायची, शेजाऱ्याचं भांडं आपल्याकडे राहून जावं तशी. माझ्यावर हक्क सांगायला मावशीजवळ काहीही नव्हतं आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिनं मला कधी 'आई' म्हणू दिलं नाही. "तुला आई आहे. मी मावशी," असं ती पोळ्या लाटता लाटता, न विचारता सांगायची. मात्र बाजारात एखादी बाई 'लेक अगदी तुमच्यावर गेलीय हो' म्हणाली, तर मावशी तिची चूक दुरुस्त करायची नाही. उलट त्या दिवशी भाजीवालीशी घासाघीसही करायची नाही.

आता पिठोरीचं सांगायला हवं. पोळ्याच्या दिवशी, श्रावणातल्या अमावस्येला, आया मुलांसाठी पिठोरीचं व्रत करतात. दिवसभर उपास, तिन्हीसांजेला पूजा. पूजा झाली की आई खीरपुरीचं वाण डोक्यावर धरते आणि मागे न बघता विचारते, "अतीत कोण?" दारात आलेला पाहुणा कोण, असं. मागे उभ्या असलेल्या मुलानं म्हणायचं, "मी." आणि वाण मागूनच उचलून घ्यायचं. मागे वळून बघायला आईला मनाई. प्रत्येक मुलासाठी एकदा हे असं.

आमच्या घरी पिठोरी होत नसे. पण आळीत होत असे, आणि साखर रेशनवर मिळण्याच्या त्या दिवसांत खीर ही काही सोडून देण्याची वस्तू नव्हती. सातव्या वर्षी मी अक्कल चालवली. पोळ्याचे बैल बघत हिंडायचं निमित्त करून ज्या ज्या घरी पूजा दिसली त्या त्या घरी मुलांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले. "अतीत कोण?" "मी!" वाटी चाटून पुढचं घर. कुठल्याच बाईला मागे बघता येत नसल्यामुळे माझं फावलं.

आमच्या शेजारी एक शेतकरी कुटुंब होतं. त्या घरच्या काकी बैलांना नैवेद्य दाखवून ओट्यावर टेकल्या होत्या, त्यांनी माझा सगळा पराक्रम पाहिला. त्यांनी लगेच कुंपणावरून मावशीला हाक मारली. "अवो बाई, तुमची पोर आज तिघींची झाली बगा! हितं बी मी, तितं बी मी. लई भूक लागली हुती व्हय गं?" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

मावशी हसली नाही. तिनं मला आत नेलं, समोर बसवलं आणि म्हणाली, "जिच्या मागं उभं राहून 'मी' म्हणशील, तिची लेक होतेस तू. खिरीसाठी कुणाचीही लेक व्हायचं का?" तिचे डोळे भरलेले पाहून मी घाबरले. मी विचारलं, "मग तू का नाही विचारत? मी तुझ्याच मागं उभी राहते." त्यावर ती म्हणाली, "सरक तिकडं, आमटी उतू जाईल." आमटी केव्हाच खाली उतरवलेली होती.

पुढच्या वर्षी वडिलांची बदली नगरला झाली. ते सामान घेऊन बिऱ्हाड बघायला पुढे गेले आणि आई तिन्ही मुलांना घेऊन वाटेत आमच्याकडे पोळ्याला उतरली. जाताना मलाही न्यायचं, असं मोठ्यांचं ठरलं होतं. नगरला मुलींची चांगली शाळा होती. देवळालीला चौथी झाली की मुलीच्या हातात पाटी जाऊन पोळपाट येत असे. आईचं म्हणणं रास्त होतं. तेच वाईट होतं. चुकीचं असतं तर मावशी भांडली असती, आणि भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती.

आई मला आवडली. हे सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं मी तिच्यावर रुसले होते. ती बारीक, चपळ, हसरी होती. तिनं माझ्यासाठी डोंगरातला मध आणला होता. तिनं माझ्या केसांतून ऊ काढली आणि विजयानं मावशीला दाखवली. मावशी म्हणाली, "तुझ्या पोरींच्या डोक्यातून आली असेल, काल एकत्र निजल्या होत्या." मग एकीनं माझा मधोमध भांग पाडला, दुसरीनं तो मोडून वेणी फिरवून घातली. माझं डोकं म्हणजे पाटाच्या पाण्याचा तंटा झाला होता. काका ओसरीवरून म्हणाले, "अहो, अर्धं अर्धं वाटून घ्या, पण पोरीला जेवू द्या." दोघी हसल्या. मावशी आत जाऊन पुन्हा माझी पेटी भरू लागली. तिनं दोन नवे परकर शिवले होते. एक जरा मोठाच होता, पुढच्या वर्षीही यावा म्हणून.

पिठोरीची तयारी मावशीनंच केली. पाट मांडला, पिठाचे दिवे केले, खीर आटवली, आणि पूजेला आईला बसवून स्वतः पुऱ्या तळायला चुलीपाशी गेली. आम्ही चौघं आईच्या मागे उभे राहिलो. आईनं वाण डोक्यावर धरलं. "अतीत कोण?" थोरली म्हणाली, "मी." पुन्हा, "अतीत कोण?" दुसरी म्हणाली, "मी." तिसऱ्या वेळी धाकट्याला बहिणीनं पुढे ढकललं आणि तो म्हणाला, "मम." तेही चाललं.

"अतीत कोण?"

माझी पाळी. मी गप्प.

मला तो नियम चांगला लक्षात होता. 'मी' म्हटलं की हिची लेक झाले, आणि उद्या गाडीत बसायचं. न म्हटलं तर काय करतील? माझ्या आठ वर्षांच्या डोक्याला हा बिनतोड कायदा वाटत होता. आईनं पुन्हा विचारलं. तिला मागे बघता येत नव्हतं. डोक्यावरच्या वाटीतली खीर डुचमळली. पिठोरीच्या दिवशी प्रश्न रिकामा जाणं म्हणजे केवढं अशुभ, हे मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज मला ओळखूच आला नाही.

मावशी हातात झारा घेऊन धावत आली. "अगं, म्हण की मी!"

"'मी' म्हटलं तर हिची होईन ना? तूच सांगितलंस. मग तुझी कोण?"

कढईतल्या पुऱ्या करपल्याचा वास आला, पण कुणी हललं नाही. मावशी माझ्याजवळ उकिडवी बसली. तिनं पिठाच्या हातानं माझी हनुवटी धरली. "म्हण बाळ. तिनं तुला नऊ महिने पोटात वाहिलंय, मरता मरता वाचलीय ती. ती विचारते, आणि मागं कुणी नाही, असं होऊ देऊ नये. म्हण." तिला काय सोडावं लागत होतं ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं. मी रडत रडत म्हटलं, "मी," आणि ती वाटी रागानं उचलली.

आई उठली. डोळे पुसले. मग तिनं मावशीचा दंड धरला आणि म्हणाली, "अक्का, बस पाटावर."

"मी? माझे हात तेलाचे आहेत. उपास नाही माझा."

"सकाळपासून तोंडात काही घातलं नाहीस, ते मी पाहिलंय. बस."

आईनं स्वतः दुसरी वाटी भरली, वर पुरी ठेवली आणि ती मावशीच्या हातात देऊन तिचे हात डोक्यावर नेले. आई म्हणाली, "विचार." शेवटी मावशीनं विचारलं, इतकं हळू की देवालाही कान द्यावा लागला असेल. आणि मी "मी!" असं काही ओरडले की कुंपणापलीकडून शेजारच्या काकींनी विचारलं, "काय झालं वो? साप निगाला का?"

दोन वाट्या खीर बाधली. दोघींनी मिळून ओवा चारला, किती चारायचा यावर त्यांचं पुन्हा वाजलं.

पण ठरलेलं काही बदललं नव्हतं. सकाळी शेजाऱ्यांची बैलगाडी स्टेशनवर जायला दारात उभी राहिली. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा होता. काकांनी माझी पेटी गाडीत ठेवली आणि काम नसताना कचेरीत निघून गेले. बहिणी चढल्या, आई धाकट्याला घेऊन बसली. मावशी दही घेऊन उंबऱ्यात उभी होती, पुढे येत नव्हती. मी चाकाशी उभी. ऊन चढलं होतं. मी गाडीकडेही बघत नव्हते आणि दाराकडेही. आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. बैलांपाशी उभा गाडीवान म्हणाला, "गाडी चुकंल बाई." मग आईनं माझी पेटी स्वतः उचलून त्याच्या हातात खाली दिली आणि दाराकडे बघून म्हणाली, "अक्का, तुझी पोर उन्हात उभी आहे. आत घे तिला."

मी टुणकन उडी मारली आणि घरात पळाले. आईनं ती उडी गाडीतून पाहिली.