तिकिटानं मापलेली फट

गैबी मिस्त्रीचं नाव कुठल्याही जाहिरातीत छापलं गेलं नाही, पण त्याच्याशिवाय आमचा एकही पडदा कोल्हापूरबाहेर गेला नसता. शाहू महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. आमच्या नाटक कंपनीचे मालक गणपतराव यांनी लढाईतून मोडीत निघालेली एक लॉरी घेतली आणि ती चालवायला गैबीला ठेवलं. तिकडं इराकात, बसऱ्याला फौजेच्या लॉऱ्या दुरुस्त करून तो नुकताच परतला होता. मी तेव्हा नायिकेची कामं करायचो, म्हणून तो मला ‘आक्कासाब’ म्हणायचा. दौऱ्यावर त्याच्या शेजारची जागा माझी.

निघण्याआधी तो इंजिनाचे चारी प्लग काढून फडक्यावर मांडायचा. डब्यात प्लग दोन तऱ्हेचे असत.

“सपाटीला लांब नाकाचा, आक्कासाब. त्यो गरम ऱ्हातो, काजळी जाळतो. घाटाला आखूड नाकाचा. लांब नाकवाला घाटात लालबुंद हुतो, तुमच्या मालकावानी.”

मग प्लगच्या टोकाला ठिणगी उडते ती फट मापायची. त्याचं माप म्हणजे आमच्या नाटकाचं तिकीट. ते फटीतून जरा घासत निघालं की बरोबर. सैल निघालं तर वरची तार हळूच ठोकायची.

तिकिटाचं कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. रस्ता दिसायचा, पण बारीक काही दिसत नव्हतं; फट तो तिकिटाच्या घासण्यावरून हातानंच ओळखायचा.

“कुणाला बोलू नगंस,” तो म्हणाला. “लॉरी हातची गेली तर घरात बायकोपुढं, लालबीपुढं कसा बसू? दुसरं काय येत न्हाय मला.”

मी शपथ घेतली. नाटकात शेकडो घेतल्या होत्या, ही खरी होती.

त्या साली कोकणच्या दौऱ्यासाठी मालकांनी नवी तिकिटं छापली. परतताना घाटाच्या पायथ्याशी गैबीनं आखूड नाकाचे प्लग बसवले, फट मापली आणि आम्ही गगनबावड्याकडे चढू लागलो. पहिल्या वळणापासूनच इंजिन ठसकायला लागलं. चौथ्या वळणावर ते बंद पडलं आणि लॉरी मागं सरकली. पडदेवाल्या केरबानं चाकाखाली धोंडा सारला म्हणून माणसं वाचली. पडद्यांची पेटी मात्र दरीत गेली.

मालक खाली उतरले. “मिस्त्री, पिऊन बसलास व्हय?”

“जल्मात शिवलो न्हाय, मालक.”

सगळे त्याच्याकडे बघत होते. मला राहवलं नाही. मी एक प्लग काढायला लावला, माझे संवाद उतरवलेल्या नकलेच्या वहीतलं जुनं तिकीट त्यात घातलं. ते फटीत हलत राहिलं. मग नवं घातलं. ते घट्ट बसलं.

“मिस्त्रीची चूक नाही,” मी रंगमंचावरच्या आवाजात म्हणालो. “तिकिटाचा पुठ्ठा जाड झालाय. त्यानं नेहमीसारखी तिकिटावरच फट मापली.”

मालकांनी प्लग हातात घेऊन बराच वेळ निरखला.

“एवढी फट आंधळ्यालाबी दिसंल,” ते म्हणाले. मग त्यांनी डब्यातला दुसऱ्या तऱ्हेचा प्लग उचलला आणि दोन्ही गैबीसमोर धरले. “ह्यातला आखूड नाकाचा कंचा?”

गैबीचा हात पुढं झाला.

“हात लावायचा न्हाय. बघून सांग.”

तो बघत राहिला. दरीतून धुकं वर येत होतं. शेवटी त्यानं हात खाली घेतला.

दुसरा ड्रायव्हर येईतो लॉरी तिथंच राहिली. गैबी आपलं पडशीभर सामान घेऊन चालत घाट चढू लागला. मी धावत त्याला गाठलं.

“चाचा, मी तुम्हाला वाचवायला गेलो.”

“व्हय की,” तो म्हणाला. “चांगलं बोललास. सगळ्यांस्नी ऐकू गेलं.”

पुढं अकरा वर्षं तो घराच्या पायरीवर बसून चाचपडत दोर वळत असे. ईदेला मी जायचो. लालबी शिरखुर्मा द्यायची, तो मायेनं माझ्या घरच्यांची चौकशी करायचा. लॉरीचं नाव त्यानं काढलं नाही, आणि मीही नाही.