छर्रा, टाकी आणि मैथिलीची रायफल

धारला माझ्या साडूंच्या शेजारणीची पाण्याची टाकी मीच फोडली, याबद्दल आता आमच्या दोन्ही घरांत एकमत आहे. एरवी या दोन घरांचं साध्या चहातल्या साखरेवरही एकमत होत नाही.

झालं असं, की आमच्या मैथिलीला रायफल हवी होती. मैथिली अकरावीत. देवासला दोन वर्षं दहा मीटर एअर रायफलची प्रॅक्टिस करते. एक दिवस तिचे कोच मला म्हणाले, "सर, अब बच्ची को पीसीपी दिलवा दो." मी गंभीरपणे मान हलवली. पीसीपी म्हणजे काय, हे घरी येऊन शोधलं. (मी शाळेत फिजिक्स शिकवतो. आम्हाला समोरच्यापुढे 'माहीत नाही' म्हणता येत नाही.)

जुन्या स्प्रिंगच्या रायफलीत दर छर्ऱ्याला नळी वाकवून जोर लावावा लागतो, आणि स्प्रिंग सुटली की सगळी रायफल थरथरते. पीसीपीत हवा आधीच दाबून भरलेली असते. घोडा ओढला की छर्रा मुकाट्यानं जातो, रायफल जागची हलत नाही. फरक एवढाच. आणि त्या एवढ्याशा फरकाची किंमत माझ्या पाच महिन्यांच्या पगाराइतकी!

मग मी अभ्यासाला बसलो. दीड महिना बसलो, भेटेल त्याचं मत विचारलं. रात्रीच्या जेवणात वरणभातावर मी दाब, वेग, नळीची लांबी यांचं व्याख्यान वाढू लागलो. एका पानावर 'घ्यावी' आणि 'घेऊ नये' असे दोन रकाने पाडले. 'घेऊ नये'मध्ये पहिलीच नोंद होती: हार्मोनियम. दुसरी: स्केट्स. तिसरी: चित्राचा कागद टेकवायचा लाकडी घोडा. हे तिन्ही आमच्या पलंगाखाली सुखानं नांदत आहेत. चौथा पाहुणा एवढ्या किमतीचा कसा आणायचा?

"घ्यायची तर घ्या, नाही तर नाही म्हणा," बायको म्हणाली. "पण पोरीला असं लटकवून ठेवू नका."

"निर्णय विचार करून घ्यायचा असतो."

"दीड महिन्यात आपलं लग्न ठरून पार पडलं होतं!"

मी दोन रकान्यांचा कागद पुन्हा पुढ्यात ओढला.

शेवटी आठवण झाली ती साडूंची. धारचे श्रीकांतराव वीज मंडळातून रिटायर झाल्यावर गच्चीवर रिकामे डबे उडवतात, आणि त्यांच्याकडे पीसीपी आहे! मॅचची नव्हे, जरा दांडगी, पण जात तीच. "या की रविवारी," ते फोनवर म्हणाले, "हातात घेतल्याशिवाय काय कळणार?" आम्ही तिघं रविवारी धारला पोचलो.

गच्चीच्या टोकाला वाळूनं भरलेली पेटी, तिच्यावर कागद, मागे भिंत. श्रीकांतरावांनी सगळं नीट मांडलं होतं. मैथिलीनं पाच छर्रे मारले. पाचही कागदावर एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ. तिनं रायफल खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

इथं मी खरं तर "बरं" म्हणून पोहे खायला खाली जायला हवं होतं.

"आण इकडे," मी म्हणालो.

"बाबा, ट्रिगर खूप हल्का आहे हं. बोट बाहेर ठेवा."

"मला दाबाचं शिकवतेस?" मी रायफल उचलली. तरुणपणी जत्रेत फुगे फोडले होते, तेवढ्या अनुभवावर पाय फाकवून उभा राहिलो आणि समजावू लागलो, "हे बघ, आत कोंडलेली हवा पसरायला बघते, आयतन वाढवायला बघते, म्हणजे—" 'म्हणजे' म्हणताना मी नेहमी उजवीकडे वळतो. वर्गात फळा उजवीकडे असतो.

फट्ट.

इतका बारीक आवाज, की मला वाटलं कोणी टिचकी मारली.

"सुटला का?" मी विचारलं.

"सुटला," मैथिली म्हणाली.

"लागला का?"

"लागला." तिनं बोट दाखवलं.

शेजारच्या गच्चीवरची काळी टाकी वर्षानुवर्षांच्या उन्हानं पापडासारखी झालेली होती. तिच्या पोटातून पेन्सिलीएवढी धार सुटली होती. टाकीच्या जागी माणूस असता तर, हा विचार तेव्हा कुठे माझ्या मनात आला. श्रीकांतरावांनी माझ्या हातातून रायफल काढून घेतली. पुढचा अर्धा दिवस ती त्यांनी खाली ठेवली नाही.

तेवढ्यात शेजारच्या राठौर भाभी कपडे वाळत घालायला वर आल्या. त्यांनी धार पाहिली, मला पाहिलं.

"अरे भिया! आज ही तो नल आया था! अब परसों आएगा!"

मी मधला कठडा ओलांडला (एरवी मी दुचाकीवर मागे बसतानाही दांडी घट्ट पकडून बसतो) आणि भोकावर अंगठा दाबला. धार थांबली.

"बस, ऐसेइ खड़े रहो," भाभी म्हणाल्या. प्लंबरला फोन लागला. तो जवळच्या तिरला गावी लग्नाला गेला होता. "पंगत चालू आहे," श्रीकांतरावांनी कळवलं, "जेवून निघतो म्हणाला."

दोन तास मी अंगठा लावून उभा होतो. एकदा अंगठा बदलायला गेलो तर बाही भिजली. भाभींनी चहा आणला, वर म्हणाल्या, "गलती तो हो जाती है, पर इत्ती बड़ी टंकी दिखी नी आपको?"

टाकीच्या सावलीत मैथिली येऊन बसली. खूप दिवसांनी ती आणि मी असे एका जागी होतो, आणि मला उठून जाता येत नव्हतं.

"तुम्हाला वाटतं मी हे पण सोडीन," ती म्हणाली.

"हार्मोनियम सोडलीस की नाही?"

"हार्मोनियम मी मागितली होती?"

मी आठवू लागलो. हार्मोनियम मी आणली होती, कारण माझ्या काकांची होती तशी मला हवी होती. स्केट्स शाळेतल्या एका सरांच्या मुलानं घेतल्या म्हणून. लाकडी घोडा स्वस्त मिळाला म्हणून.

"ही पहिली चीज मी मागतेय, बाबा."

"आणि उद्या कंटाळलीस तर?"

"मालूम नाही," ती म्हणाली. "खरंच मालूम नाही. पण तुम्ही दीड महिना सगळ्यांना विचारलं. मला एकदा पण नाही."

अंगठा बधिर झाला होता, तरी हे नीट लागलं.

प्लंबर आला. भोक निरखून म्हणाला, "क्या सटीक छेद है! किसने किया?" मी अंगठा चोळत राहिलो. त्यानं रबराचा वायसर घालून एक स्क्रू पिळला, पाच मिनिटांत काम संपलं. नवी टाकी मी देऊ केली, भाभींनी घेतली नाही. म्हणाल्या, "बच्ची को दिलवा दो, भिया. वो तो सई मारती है."

मंगळवारी मी पहिल्यांदा देवासच्या रेंजवर गेलो आणि मागच्या बाकावर बसून राहिलो. चार मुली, क्लबची चांगली रायफल एकच. जाडजूड जॅकेट घालून मैथिली सव्वा तास रांगेत उभी होती. तिचा नंबर वीस मिनिटांत संपला. माझ्या दोन रकान्यांच्या कागदात ही रांग कुठंच नव्हती. तो कागद मी घरी जाऊन फाडला.

रायफल घेतली. ती किमतीइतकी होती का? मला अजून सांगता येत नाही. मैथिली जिल्ह्यात चौथी आली. पहिल्या तिघी बक्षीस घेत असताना ती कोपऱ्यात बसून आपलं टार्गेट मोजत होती, आणि घरी येताना पूर्ण वाट तिसऱ्या छर्ऱ्याबद्दल बोलत होती. पलंगाखाली जागा करायला मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

फक्त एक गोष्ट माझ्या अभ्यासातून निसटली. रायफलीत हवा भरायला मोठं सिलिंडर लागतं, आणि ते घ्यायची ऐपत आता उरली नव्हती. म्हणून हातपंप आणला. तो मी मारतो. सुरुवातीला सोपा जातो, पुढे दांड्यावर सगळं अंग लटकवावं लागतं. मैथिली शेजारी बसून मोजते, "बाबा, अजून साठ." कोच परवा कौतुकानं म्हणाले, "सर, बच्ची ने साँस पे क्या कंट्रोल कर लिया है!" केला असेल. माझा कंट्रोल मात्र विसाव्या हिसक्यालाच सुटतो!