कुंडीवरचा दोर कोणी धरला होता?

साताऱ्यात गटारं साफ करणाऱ्या एका माणसाला, देशात स्वातंत्र्याचा झेंडा फडकून दहा दिवस झाले असताना, निज श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास, एका शिकल्यासवरल्या घराच्या परसात मरू दिलं गेलं. 'मेला' असं मी लिहीत नाही. ती घटना माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि तुमच्याही डोक्यात ती राहावी म्हणून लिहितो आहे.

मी तेव्हा शहर ठाण्यात फौजदार होतो. घरमालक स्वतः वर्दी द्यायला आले. पेशाने वकील. त्यांच्या न्हाणीघराचं पाणी तुंबलं होतं. जमिनीखालून गेलेले खापरी नळ परसातल्या सांडपाण्याच्या आठ हात खोल कुंडीत उघडत. खालून नळात बांबूची कांब घालून मळ मोकळा करायला माणूस उतरवला होता.

"पिऊन आला होता," वकील म्हणाले. "दोर मी स्वतः धरला होता. त्याने हिसका दिला आणि सुटला."

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पंचनाम्याला मी कुंडीवर वाकलो. सडक्या अंड्यांसारखा वास आला, डोकं गरगरलं, आणि मी दोन पावलं मागे सरलो. खरं सांगतो, भ्यालो.

दुपारी मयताची बायको ठाण्याच्या पायरीशी येऊन बसली.

"आवं सायेब, माजा मालक पीत न्हवता. मी परसाच्या दाराभायेर पाट्या घिऊन हुते. आतनं कडी घातली हुती. त्यो वरडत हुता, वर वढा, जीव घुसमटतुया. आतनं आवाज आला, थांब जरा, पूजा आटपू दे. मी दार बडवत ऱ्हायले. मग त्यो वरडायचाच थांबला."

ती रडली नाही. तिला भीती दुसरीच होती. "आता वकीलसायबानं धाकल्या दिराला सांगावा धाडलाय. उद्या सकाळी त्येनं उतरायचं म्हनं. त्येला तरी वाचवा."

ती गेल्यावर हवालदार म्हणाला, "सायेब, वकिलापुढं हिचं कोन ऐकनार? पाच मिंटात हिला खोटी पाडत्याल." त्याचं चुकत नव्हतं. तिचा शब्द होता, आणि समोर वकिलाचा शब्द होता. बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वकिलांना ठाण्यात बोलावलं. खुर्ची दिली.

"दोर कोणत्या हातात होता?"

"दोन्ही हातांत. किती वेळा सांगू, फौजदारसाहेब?"

मुद्देमालातला दोर मी त्यांच्यापुढे धरला. "कसा धरला होता तेवढं दाखवा."

त्यांनी खुर्ची मागे सारली. दोन्ही हात पाठीशी गेले. "ते आधी बाजूला घ्या. मला कोर्टात जायचंय. आता पुन्हा आंघोळ कुठे करू?"

हवालदाराचा टाक कागदावर थांबला. आपण काय बोलून गेलो हे वकिलांना उमगलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सोवळ्यात होतो हो. अभिषेक चालला होता. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता. दोर काठावर टाकून ठेवला होता."

"आता घरी कोण आहे?"

"मुलगा. त्या माणसाचा भाऊ यायचा होता. एव्हाना उतरवला असेल."

आम्ही धावत सुटलो. ठाण्यापासून ते घर सात-आठ मिनिटांवर. एवढ्या वेळात काय होतं ते आदल्याच दिवशी पाहिलं होतं.

भाऊ कुंडीच्या काठावर पाय आत सोडून बसला होता. कमरेला नवा दोर, दुसरं टोक मातीत पडलेलं. वकिलांचा मुलगा दहा पावलांवर ओसरीत उभा. मी काठावरच्या त्या पोराचा दंड धरला.

"उतरू नको रं."

"न्हाई उतरलो तर ह्या पेठेत काम कोन दील, सायेब?"

मी कंदील मागवला, पेटवला आणि दोरीने खाली सोडला. चार हातांवर विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा तिथेच विझला. पोराने एकेक पाय बाहेर काढला.

मग परस खणलं. उंबराची मुळं नळांच्या सांध्यांत शिरली होती, दोन नळ फुटले होते. ते काढून नवे घातले, आणि पाणी वाहू लागलं. आत कोणालाही उतरावं लागलं नाही. मग आधीच का नाही खणलं? नवी शहाबादी फरशी फुटली असती म्हणून.

हयगयीने मृत्यूचा गुन्हा मी नोंदवला. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे वकिलांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. 'पुरावा अपुरा' असा शेरा येऊन फाइल बंद झाली. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मी नोकरीतून निवृत्त झालो, म्हणजे राजीनामा दिला. आता सांगलीपासून पलूसपर्यंत पत्रकं वाटत हिंडतो.

मला या प्रकरणात दुष्ट माणूस सापडला असता तर बरं वाटलं असतं. वकील दुष्ट नव्हते. गरिबांचे खटले फुकट चालवायचे. खाली एकजण ओरडत असताना त्यांना फक्त अभिषेक मोडायचा नव्हता. असली माणसं पेठेपेठेत आहेत, याचीच मला जास्त भीती वाटते. हे वाचणारे तुम्हीही त्यांतलेच असाल.

तेव्हा स्पष्ट मागतो. घरचं पाणी तुंबलं तर जमीन खणा, फुटका नळ काढा, नवा घाला. फरशी फुटली तर फुटू द्या. कुंडीत माणूस उतरवू नका.