बारेवचं उत्तर

माझा मित्र दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळी स्टेशनात गाडीची वाट बघत होतो. आणि डोक्यात आधी काय यावं? आता आपल्या जिल्ह्यात आर्मेनियन बोलणारा कुणी उरला नाही... दुःखातही मन असं आचरट असतं.

चकलांब्याकडच्या आमच्या गावात तो दूध संस्थेचा सचिव. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, संस्थेत दूध येईना. रिकाम्या कॅनच्या सोबतीला त्याचा रेडिओ. एका संध्याकाळी काटा फिरवता फिरवता त्याला ती भाषा लागली आणि माणूस हातचा गेला. रेडिओ केंद्राला त्यानं पत्र घातलं, तिकडून धडे आले.

"दूध न्हाई म्हणून आता भाषा काढाय लागला का बे?" मी चिडवायचो.

"लई एकटी हाय रे ती," तो म्हणायचा. "मराठीच्याच मोठ्या कुळातली, पण तिच्या फांदीवर दुसरं कुणीच न्हाई. अडतीस अक्षरं, ती बी सोताची."

पुढे मोबाइल आला आणि त्याला संगणकात भाषा ओळखायचे तिचे कोडही सापडले. विम्याच्या म्हशीच्या कानात बिल्ला असतो, तसा भाषांनाही असतो म्हणे. मराठीला एमआर, आर्मेनियनला एचवाय. तीन अक्षरी हवा तर एचवायई, ग्रंथालयांच्या जुन्या यादीत एआरएम, आणि पश्चिम आर्मेनियनला वेगळा एचवायडब्ल्यू. बांधावर बसवून तो हे ऐकवायचा. मी मान हलवायचो, दुसरं काय करणार?

रोज घरी आला की उंबऱ्यात तो 'बारेव' म्हणायचा, म्हणजे नमस्कार. आतून शांतावहिनी म्हणायच्या, "हातपाय धुवा, भाकर गार व्हायली."

"एकदा कुणी उलटून बारेव म्हणावं बे," तो मला म्हणाला होता. "मग काय बी नको."

दिवसकार्य उरकून मुलं पुण्याला परतली. परवा मी गेलो, तेव्हा घरात वहिनी एकट्याच होत्या. कोनाड्यात रेडिओ, वर स्वच्छ रुमाल. उंबऱ्यातच तोंडातून निघून गेलं, "बारेव..."

"बारेव," आतून आलं.

"वहिनी, तुमाला येत होतं? मग कावून कधी न्हाई म्हणलात?"

"लाज वाटायची, भावजी. रोज मनातल्या मनात म्हनायचे." त्यांनी रेडिओवरचा रुमाल सारखा केला. "आता दिवेलागणीला मोठ्यानं म्हनते."