अक्काच्या मापाचा मास्क

चैत्र निम्मा सरला होता. बँकेतून घरी येऊन मी कूलरसमोर पाय पसरून बसले होते, तेवढ्यात अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पाचोऱ्याला दिलेली. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही न विचारता तिनं थेट मुद्द्याला हात घातला. म्हणाली, "यंदा आखाजीले मी बी खेळसू. सांगी ठेवस तुले."

खेळ म्हणजे पेंटबॉल. आमच्या नानाची, म्हणजे भावाची, मुलगी पुण्यात नोकरी करते. तिच्या ऑफिसातले लोक सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाऊन एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारतात आणि वर त्याचे पैसे भरून येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे माहेरी जमतोच, तर आपल्या निंबाच्या रानात हा खेळ मांडू, असं तिच्या डोक्यात आलं. आमचं माहेर सोनगीरच्या जवळ, आणि ओढ्याकाठी नानाचं निंबाबाभळीचं चांगलं दाट रान आहे. गोळ्या ती पुण्याहून आणणार होती. बाकीचं सामान मी जळगावातून बघायचं होतं, कारण घरातलं कोणतंही किचकट काम शेवटी माझ्याच नावावर निघतं.

अक्काला मी "बघू" म्हणाले. आमच्याकडे अक्काला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, सगळे बघू म्हणतात. त्या बघूचा अर्थ तिला लहानपणापासून पाठ आहे.

तिला डावा डोळा नाही. म्हणजे डोळा जागेवर आहे, दिसत नाही. आमच्या लहानपणी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गौराई बोळवायला गावातल्या पोरी नदीवर जायच्या, आणि पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या पोरी उभ्या असायच्या. मग आधी शिव्या आणि नंतर दगडगोटे. ही रीतच होती. मोठी माणसं काठावर उभी राहून हसत बघायची, कारण त्यांच्या आयांनीही तेच केलेलं. त्यातलाच एक गोटा अक्काला लागला. पुढं दोन्ही गावांनी दगड बंद केले, पण अक्काचा डोळा त्याआधीच गेला होता.

तेव्हापासून तिचा उजवा डोळा आमच्या घराची सामाईक मालमत्ता झाला. त्याची राखण सगळ्यांनी करायची, फक्त तिला विचारायचं नाही. रंगपंचमीला ती आतल्या खोलीत. दिवाळीला फटाके उडेपर्यंत दार लावून. मिरच्या कुटायच्या नाहीत, कढईशी जायचं नाही, ऊस तोडताना शेताच्या बांधावर यायचं नाही. तिच्या वाट्याला डाळ निवडणं आलं. लग्नानंतर भाऊजींनी ती राखण आमच्याकडून मोजून ताब्यात घेतली. माणूस फार भला, त्यामुळे तिची सुटका आणखीच अवघड झाली.

म्हणून मी ठरवलं, नाही म्हणायचं नाही. असा मास्क आणायचा की तोफ जरी डागली तरी आत धूर जाणार नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, साधे गॉगल चालायचे नाहीत, कान-कपाळासकट चेहरा झाकणारा पूर्ण मास्क पाहिजे, आणि रानातून बाहेर येऊन सगळ्यांच्या बंदुका खाली ठेवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. एवढं पाळत असाल तर त्यांना खेळू द्या. हे शेवटचं वाक्य मी कानाआड केलं, माझ्या डोक्यात फक्त मास्क होता.

आमच्या ओळखीचे एक मारवाडी भाऊ आहेत, त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान. बॅट, कॅरम, शाळांचे ढोल-लेझीम असा माल. त्यांनी मुंबईहून नमुने मागवले. बंदुका दोन जातीच्या आल्या, एक गॅसच्या नळकांडीवर चालणारी आणि एक हातानं मागं ओढून स्प्रिंगवर मारायची. भाचीनं आधीच बजावलं होतं की नवख्यांना स्प्रिंगवालीच घे. तिची गोळी बारीक, मार कमी, आणि आपल्या वैशाखात गॅस तापून गोळी जास्त जोरात सुटायची भानगड नाही. भाऊंनाही ते पटलं. मग त्यांनी विचारलं, "गोळ्यांचं कवच कशाचं असतं, ताई?" मी म्हणाले, जिलेटिनचं, ते जनावरांच्या हाडांपासून करतात. त्यांनी हात जोडले. "मग तेवढं आमच्या दुकानातून नको. बाकी काय लागेल ते सांगा." मला ते आवडलं. स्पष्ट बोलणारी माणसं मला बरी वाटतात, बघू म्हणणाऱ्यांच्यात मी वाढले.

या खेळाच्या कपड्यांचा कॅटलॉग त्यांनी काढला तर त्यात सगळे हिरवेगार, पानापानांचे. मी म्हटलं, भाऊ, वैशाखात झाडाखाली हिरवं गवत खानदेशात कोणाच्या आजोबांनी पाहिलंय? हे घालून उभं राहिलं तर सोनगीरच्या किल्ल्यावरून दिसेल माणूस. आम्ही शेवटी घरातलेच मातकट, पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट घालायचे ठरवले.

मास्कसाठी अक्काला मी पाचोऱ्याहून बोलावून घेतलं. ती गाडीनं आली, येताना माझ्यासाठी सांजोऱ्या घेऊन. मी तिच्यासाठी आधीच एक मास्क काढून ठेवला होता. काळा, जाड, चहूबाजूंनी फोम, काच लहान. तिनं चष्म्यावरून तो चढवला आणि दुकानात उभी राहिली. तिला डावीकडचं तसंही दिसत नाही. त्या मास्कानं उजवीकडचंही झाकलं. ती चालायला गेली आणि कॅरमच्या थप्पीला धडकली.

"यामा माले काहीच दिखस नई," ती आतून म्हणाली.

"दिसलं नाही तरी चालेल," मी म्हणाले, "लागलं नाही पाहिजे."

तिनं मास्क काढला, चष्मा नीट केला आणि माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "इतला वरीस तुम्ही बठ्ठा हाईच करी ऱ्हायनात," ती म्हणाली.

भाऊ उगाच आतल्या बाजूला जाऊन खोकी हलवायला लागले. एवढी वर्षं आम्ही सगळे हेच करत आलो, असं ती मला भर दुकानात सुनावत होती. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला. एवढं जपलं त्याचं हे फळ, असं वाटलं. मग ती स्वतःच फळीपाशी गेली आणि एकेक मास्क घालून बघायला लागली. मान डावीकडे वळवून, उजवीकडे वळवून, खाली वाकून. तिनं घेतलेल्या मास्कची काच रुंद होती, दुहेरी, घामाच्या वाफेनं धूसर न होणारी. आत चष्म्याला जागा होती. कान आणि कपाळ तोही झाकत होताच. तो घालून ती दुकानाच्या दारापर्यंत गेली, रस्त्याकडे बघत जरा उभी राहिली आणि परत आली, कशालाही न धडकता. मला माझी निवड आठवून लाज वाटली.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे माहेरी पोचलो. भाची गोळ्यांची खोकी घेऊन आली. नानानं त्यातली बहुतेक उचलली आणि थेट कूलरसमोर नेऊन ठेवली. आमच्याकडे उन्हाळ्यात जपायची वस्तू कूलरसमोर ठेवतात. आंबे तिथं, पाहुणे तिथं. "उन्हामा फुटी जातीन ना," नाना म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. भाची तेव्हा अंगणात झोक्यावर होती. सकाळी तिनं खोकी उघडली आणि कपाळाला हात लावला. कूलरच्या ओल्या हवेनं गोळ्या फुगून लंबगोल झाल्या होत्या. गोळी बंदुकीत घातली की नळीतच फुटून रंग गळायचा. धान्याच्या कोठीवर राहिलेलं एक खोकं तेवढं कोरडं निघालं. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर गोळ्या. नाना ओशाळला, मग म्हणाला, जाऊ द्या, जपून मारा.

ऊन चढायच्या आत आम्ही रानात शिरलो. भाचीनं झाडांना दोरी बांधून हद्द आखली आणि दोन तट पाडले. अक्का आणि नाना एकीकडे, मी समोर. अक्कानं नऊवारीवर नानाचा शेतातला शर्ट घातला होता, पायात भाचीचे बूट. गोळी लागली की हात वर करायचा, मास्क तसाच ठेवून दोरीबाहेर जायचं आणि बाद झालेल्यांत बसायचं, एवढाच नियम. शिट्टी झाली.

पुढं काय झालं ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला. नाना लवकरच बाद झाला, नानाच्या दोन सुना बाद झाल्या, भाऊजी तर झाडाआड पोचण्याआधीच. अक्का मात्र फिरत होती. आधी वाकून, झाडामागून झाडामागे, छान फिरत होती. मला वाटलं, वा, अक्काला खेळ जमला. मग मी बघितलं की ती समोरून गेली तरी आमच्या बाजूचे बंदुका खाली करत होते. कोणी ठरवलं नव्हतं. एकानं तर तिला जायला वाट करून दिली. गोळ्या कमी आहेत हे कारण सगळ्यांच्या हाताशी होतंच.

हे अक्काच्याही लक्षात आलं. ती लपायची थांबली. रानाच्या मधोमध मोकळी जागा आहे तिथं येऊन सरळ उभी राहिली, हात पसरून.

"माले कोन्हीच मारस नई का?" ती ओरडली.

कोणी हललं नाही. दोरीबाहेर भाऊजी उभे राहिले. मास्कमधून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण पसरलेले हात हळूहळू खाली आले ते मला दिसलं. डाळ निवडायला बसताना ती अशीच खांदे पाडून बसते. मला एकदम भडभडून आलं. आपण हिचा डोळा राखला आणि हिला कुठं ठेवलं, असं वाटलं.

ती वळून माझ्याकडे पाठ करून चालायला लागली. याहून जवळून मारायचं नाही म्हणून भाचीनं जे अंतर सांगितलं होतं, त्याहून ती जवळ नव्हती. मी बंदूक ओढली, तिच्या दंडावर नेम धरला आणि गोळी मारली.

शर्टावर पिवळा डाग फुटला. अक्का "आई वं!" म्हणून जागच्या जागी उडाली. सगळं रान माझ्याकडे असं बघायला लागलं, जणू मी खून केलाय. "तुले काही समजस का नई?" नाना दोरीबाहेरून गरजला, आणि भाऊजी आत धावायला निघाले, त्यांना सुनांनी धरलं.

अक्कानं एका हातानं दंड धरला आणि दुसरा हात वर केला, नियमाप्रमाणे. मान ताठ ठेवून ती दोरीबाहेर गेली. बाद झालेले सरकले, तिला मध्ये जागा झाली. बसल्या बसल्या तिनं बाही वर केली आणि आलेला लाल वळ शेजारच्या सुनेला दाखवला. "देखू, तुले कोठे लागनं?" असं विचारून तिचाही वळ बघितला, आणि आपला मोठा आहे अशी खात्री करून घेतली. मग मला हाक मारली, "जोरमा लागनं वं बाई!" ती हसत होती. मी रडत होते.

दुसऱ्या डावात तट बदलले आणि नाना अक्कासमोर आला. डावाची पहिली गोळी त्याचीच, आणि ती अक्काच्या दिशेनं. पण मारताना त्यानं मान फिरवली आणि गोळी निंबाला लागली. झाडाआडून अक्काचा आवाज आला, "नाना, नीट नेम धर ना रे!"