तिसऱ्या बागेचं फाटक

तुडीलच्या खतीजाकडून कुठल्याही कोळणीला आजवर दोन रुपये जास्त मिळाले नव्हते. बांगड्याचे कल्ले उलटून बघायचे आणि मग एक शब्द न बोलता बसून राहायचं, एवढंच तिचं हत्यार. शेवटी कोळीणच कंटाळून भाव उतरवायची. गावात तिला हिशेबी म्हणत. म्हणणाऱ्याच्या मनात टोमणा असे, पण खतीजा तो आहेर समजून घेई. अशा बाईनं हाताला न लागणाऱ्या बागेसाठी पैसे मोजले, आणि तेही दोनदा. ऐकून कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून नीट पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

तिचा नवरा लतीफ कुवेतला. लग्न झालं तेव्हापासून तो पाहुण्यासारखा येई आणि पाहुण्यासारखाच जाई. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा सोहेल मुंबईत एसी दुरुस्त करायला शिकत होता. घरात राहिल्या खतीजा आणि तिची सासू, जिला सगळे अम्मा म्हणत. अम्माचे गुडघे दर हिवाळ्यात सवच्या गरम पाण्याच्या कुंडात शेकावे लागत आणि दर पावसाळ्यात पुन्हा दुखत.

दोन हजार पाचच्या जुलैत सावित्री नदीनं महाड बुडवलं, डोंगर खाली आले, फोनच्या तारा मेल्या. तेव्हा लतीफ कुवेतमध्ये एका गोदामाचा स्टोअरकीपर होता. पंख्याखालची, खुर्चीतली नोकरी. टीव्हीवर त्याला आपल्या बाजूच्या गावांची नावं ऐकू यायला लागली आणि तुडीलला फोन काही लागेना. त्यानं कंपनीकडून पासपोर्ट मागून घेतला आणि निघाला. चिखल तुडवत घरी पोचला, तेव्हा खतीजा चुलीपाशी भिजले तांदूळ सुकवत होती आणि अम्मा पान चघळत होती. घर उंचावर, पाणी अंगणापाशी येऊन परत गेलं होतं. "जिवंत हाव तुम्ही," एवढंच तो म्हणाला आणि उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. परत गेला तर त्याच्या खुर्चीत दुसरा माणूस. कंपनीनं मेहेरबानी करून त्याला ठेवून घेतला, पण खाली, गाडीतून खोकी उतरवायला. पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि पाठीवर खोकी.

त्यानंतर त्यानं एक नियम घातला. गावाकडं येणाऱ्या एका माणसाबरोबर त्यानं मोबाईल पाठवला, टॉवेलात गुंडाळून, संत्र्याच्या पावडरीच्या डब्यात. दोन सारखेच घेतले होते, एक तिला, एक स्वतःला. रोज मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या नमाजानंतर खतीजानं त्याला मिस कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. तो उचलत नसे, पैसे जात नसत, फक्त कुवेत लागण्याइतका बॅलन्स फोनमध्ये असावा लागे, आणि तिकडं त्याच्या घशाखाली घास उतरे. "रिंग आली नाय तर मी पासपोर्ट मागायला जाणार," त्यानं बजावलं होतं. खतीजाला ठाऊक होतं, ही धमकी नव्हती. पुन्हा एकदा असा निघाला, तर कंपनी त्याला खोकी उचलायलाही ठेवणार नव्हती.

आता खेळाचं. त्या फोनमध्ये एक खेळ आधीपासूनच होता. डोक्यावर टोपली घेतलेला एक बुटका माणूस बागेतून चालतो, आंबे वेचतो, पाटाच्या पाण्यावरून उडी मारतो, आणि झाडावरची माकडं त्याच्या टोपलीतले आंबे पळवतात. खतीजानं आधी तो चुकून लावला, मग मुद्दाम लावायला लागली. दुपारी अम्मा आडवी झाली की ही पदराआड फोन धरून बसायची. चाळिशी उलटलेली, मुलीचं लग्न करून मोकळी झालेली बाई माकडं चुकवतेय हे कुणी बघितलं असतं तर तिनं विहीर जवळ केली असती. पण बागेच्या शेवटी एक फाटक होतं आणि त्याला कुलूप. वर इंग्रजीत काहीतरी उमटायचं आणि टोपलीवाला तिथंच पाय हलवत उभा राहायचा.

शेजारची रिम्शा महाडला कॉलेजात जायची. तिनं वाचून दाखवलं. "चाची, पुढची बाग पायजे तर मेसेज पाठवा म्हणतात. बॅलन्समधनं तीस रुपये कापणार. तुम्ही नका हो पाठवू, लूट हाय ही. फोन विकत घेतला तर खेळ आपलाच ना? घर विकायचं आणि मागच्या खोलीचे पैसे निराळे मागायचे, असा कधी व्यवहार असतो?"

"कलिंगडवाला फोड फुकट देतो," खतीजा म्हणाली. "फोड गोड लागली म्हणून अख्खं कलिंगड फुकट मागशील?"

"फोड खाऊन लोक उठून जातात, चाची."

"तसं जाववलं पायजे ना."

पंधरवडाभर तिनं विचार केला. तीस रुपयांत काय काय येतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. अंडी येत होती, महाडची एक जाऊन-येऊन खेप होत होती. पण महाडला जाऊन ती काय आणायची? अम्माचं तेल, मीठ-मसाला, लाईटबिलाची पावती. स्वतःसाठी अशी वस्तू तिनं किती वर्षांत घेतली नव्हती ते तिला आठवेना, आणि आठवेना म्हणून वाईट वाटलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. हिचा प्रश्न असा होता की मोल ठीक आहे, हौस कुठून काढायची. एका दुपारी तिनं रिम्शानं दाखवलेलं बटण दाबलं.

दुसऱ्या बागेत नदी निघाली. खतीजा आठवडाभर सुखात होती. मग त्या बागेच्या टोकालाही फाटक आलं आणि त्यालाही कुलूप, तेव्हा तिचं डोकं फिरलं. अख्खं कलिंगड म्हणून विकलं आणि पुन्हा फोडच हातात दिली. अशा कलिंगडवाल्याला तिनं बाजारातून उठवला असता. पण हा कलिंगडवाला कुठं बसतो, काय नाव त्याचं, भांडायचं कुणाशी? तिनं फोन फळीवर ठेवून दिला. फक्त मगरिबला उतरवायचा, रिंग द्यायची, परत ठेवायचा. असं बरेच दिवस चाललं.

ऑगस्टातली गोष्ट. दुपारपासून पाऊस धरला होता, अम्मा झोपली होती, रिम्शा कॉलेजात. खतीजानं फोन उतरवला. बॅलन्स पाहिला, तीस वजा केले, रिंगेपुरतं उरून वर थोडं राहत होतं. या वेळी वाचून दाखवायला कुणी नव्हतं, पण कशाला हवं? फाटक तेच, बटण तेच. तिनं दाबलं.

तिसरी बाग उघडली आणि खतीजा सगळं विसरली. दुपार ढळतानाच्या असर नमाजाची वेळ होऊन गेली, अम्मानं उठून चहा मागितला, तिनं एका हातानं चहा टाकला. फोन टूं टूं करायला लागला तेव्हा ती भानावर आली. बॅटरी शेवटच्या काडीवर. चार्जर लावायला गेली तर लाईट नव्हती. कधी गेली होती कोण जाणे. तिनं घाईनं बॅलन्स पाहिला. तिसरी बाग तीसची नव्हतीच, पन्नासची होती. उरलेल्या पैशांत कुवेत लागत नव्हतं.

निदान फोन चालू राहिला असता तर रिंग चुकली म्हणून लतीफनंच केला असता. तिनं तो बंद करून ठेवला, मगरिबच्या वेळी लावायचा म्हणून. लावला, तो एकदा उजळला आणि कायमचा मिटला.

छत्री घेऊन ती कोंडाजीच्या दुकानाकडं निघाली. कोंडाजी किराणा विकायचा, रिचार्ज मारायचा, आणि मोबाईल येण्याआधी गावातल्या सगळ्या आखातवाल्यांचे फोन त्याच्याच काळ्या यंत्रावर यायचे. दुकानाला फळ्या लागलेल्या. मागच्या दाराशी त्याची बायको तुळजाबाई भाकऱ्या थापत होती.

"उमरठला गेलेत, मामांच्या बाराव्याला," तुळजाबाई म्हणाली. "शेवटच्या गाडीनं येतील."

"वहिनी, एक फोन येणार हाय मला. फळी काढता का?"

"कुलपाची चावी त्येंच्या करगोट्याला बांधलेली अस्ते. मला देत नाय, तर तुम्हाला कुठून देऊ?"

गावात आणखी दोघा-चौघांकडं फोन होते. पण त्यांना काय सांगायचं, आणि फोन तरी कुठं लावायचा? लतीफचा नंबर तिला पाठ नव्हता. तो त्या मेलेल्या फोनच्या पोटात होता.

ती दुकानापुढच्या पत्र्याखाली उभी राहिली, आणि आत फोन वाजायला लागला.

कोंडाजीचा नंबर लतीफला आपल्या जन्मतारखेपेक्षा पाठ होता. तोच होता, दुसरं कोण असणार? फोन वाजत राहिला, वाजत राहिला, थांबला. तिनं फळीवर हात टेकला. पुन्हा वाजला. फळ्यांमधून बोट जाण्याइतकी फट होती. त्यातून काळोखात तो कुठं ठेवलाय हेही दिसत होतं. थांबला. आता तो बूट घालत असेल. आता मॅनेजरच्या खोलीकडं चालत असेल. एका माकडापायी मी याच्या पोटावर पाय दिला, असं तिच्या मनात आलं आणि तिला उभ्या उभ्या रडू फुटलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती फळीला तोंड लावून म्हणाली, "आम्ही ठीक हाव. ऐका ना, आम्ही ठीक हाव." फोन थांबला आणि मग वाजलाच नाही.

शेवटच्या एसटीतून कोंडाजी भिजत उतरला. तिचा चेहरा बघून त्यानं काही विचारलं नाही, सदरा वर करून चावी सोडली, फळी काढली, मेणबत्ती लावली. खतीजा यंत्रापाशी स्टुलावर बसली. कोंडाजी उगाच डाळीचे डबे सरकवत राहिला. त्यालाही तो जुलै आठवत होता. बऱ्याच वेळानं घंटा वाजली, आणि पहिलीच पुरी व्हायच्या आत तिनं उचलला.

"पाणी कुठपर्यंत आलंय?" लतीफनं विचारलं. त्याचा आवाज सुकलेला होता.

"पाणी नाय. पाणी नाय आलं. सगळे ठीक हाव."

"अम्मा?"

"पेज पितेय."

"बूट घालून बसलोय," तो म्हणाला. "मॅनेजर नमाजाला गेलाय म्हणून थांबलो. नायतर पासपोर्ट मागितलाच असता. काय झालं फोनला?"

खोटं सांगता आलं असतं. पाऊस होता, लाईट गेली होती, कारणं तयार होती. पण त्याचा तो आवाज ऐकून तिच्यानं खोटं बोलवेना. कोंडाजीकडं पाठ करून ती हळू म्हणाली, "बॅलन्स मी संपवला. बॅटरी पण मीच. तो खेळ हाय ना फोनमध्ये, आंब्याच्या बागेचा. त्याची पुढची बाग घेतली. आणि आज तिसरी."

तो चिडेल म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

"फाटकाच्या पुढं गेलीस?" लतीफनं विचारलं.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. दोन फोन सारखेच होते.

"मी पहिलीच खेळतो," तो म्हणाला. "ड्युटीवरनं आलो की रोज. फाटकापर्यंत जायचं, परत पहिल्यापासनं. रूममधले सगळे म्हणतात लूट हाय, पैसे टाकू नको. नाय टाकले." आणि मग लाजल्यासारखा, "कसं हाय पुढं?"

तिनं एका दुपारी जे उधळलं होतं त्याच्या दारात हा माणूस दोन वर्षं उभा होता, दिवसभर खोकी उचलून आल्यावर.

"काय नाय हो," ती म्हणाली. "तेच सगळं. झाडांचा रंग तेवढा निराळा. फुकट पैसे गेले."

"रूमवाले म्हणत होतेच," लतीफ म्हणाला, आणि तो हसला तेव्हा तिला बरं वाटलं.

"खतीजा."

"हां."

"दुसरी बाग एवढी बेकार होती, तर तिसरीचं फाटक कशाला उघडलंस?"

कोळणींना गप्प बसून हरवणारी बाई. तिला स्वतःला गप्प बसता आलं नाही. "नदी हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या बागेत नदी हाय. होडीवाला हाय, तो भाडं म्हणून टोपलीतला एक आंबा मागतो. दिला नाय तर नेत नाय."

"आणि तिसऱ्या?"

"तिसऱ्या बागेत पाऊस पडतो."

"पाऊस?"

"माकडं पानाखाली जाऊन बसतात. आणि टोपलीवाला टोपली खाली ठेवतो आणि छत्री उघडतो."

"हा आवाज त्याचाच काय?"

"नाय, हा कोंडाजीभाऊंच्या पत्र्याचा."

इतक्यात फोनमध्ये बाईचा आवाज आला, लतीफच्या कॉलिंग कार्डावरचा. एक मिनिट उरलं असं ती इंग्रजीतून बजावत होती. ते एवढं इंग्रजी आखातवाल्यांच्या बायकांना कळतं. त्या एका कार्डाच्या पैशांत दोन्ही बागा येऊन वर उरले असते, हा हिशेब खतीजाच्या डोक्यात आपोआप झाला.

"ठेवते," ती घाईनं म्हणाली. "जेवून घ्या. उद्या मगरिबला रिंग देते."

"ठेवू नको गो," लतीफ म्हणाला. "दुसरं कार्ड हाय खिशात, ते घासतो आणि परत लावतो. तू हलू नको तिथनं. छत्री उघडतो, मग पुढं काय ते सांग."

फोन कट झाला. खतीजानं पदरानं डोळे पुसले आणि वळून पाहिलं. कोंडाजी डाळीचा डबा हातात धरून तसाच उभा होता.

"दुकान बंद करायचं हाय का, भाऊ?" तिनं विचारलं.

"बसा भाभी," तो म्हणाला आणि त्यानं मेणबत्ती तिच्याकडं सरकवली.