चालू बोलणं तोडता येत नाही

मित्रहो, आज दुपारी लाखनीत एका साखरपुड्यात आमच्या गावचे जुने टेलिफोन ऑपरेटर भेटले. डोकं अजून तापलेलं आहे.

ऐंशीच्या दशकात गावातून भंडाऱ्याला बोलायला एकच लाइन होती. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आईला साप चावला, तेव्हा दवाखान्याची गाडी बोलवायला मी यांच्यापुढे हात जोडले होते. लाइनवर एक व्यापारी धानाचा भाव विचारून झाल्यावर सासरची खुशाली विचारत होता. हे ऑपरेटर रिसीव्हर कानाला लावून ऐकत होते. "चालू बोलणं तोडता येत नाही. नंबर लावून बस," म्हणाले.

गाडी उशिरा आली. आईचा उजवा हात कायमचा गेला.

आज तेच हसत म्हणाले, "माहा नातू मोबाइल टॉवरचं काम करते. चालत्या गाडीतलं बोलणं तुटू नये म्हणून पुढच्या टॉवरवर जागा राखून ठेवतेत, नवीन फोनवाल्याले थांबवतेत. मंग मी बरोबरच होतो ना, भाऊ?"

मी म्हणालो, "काका, टॉवरले समोर रडणारा माणूस दिसत नाही. तुमाले मी दिसत होतो."

त्यांनी पुढे केलेला पेढा मी घेतला नाही. तुम्ही घेतला असता?